दोन-सहा, सहा-दोन

देरा, दुबई
८ जानेवारी १९६५

जहांआरा,

त्या सकाळी मी भाकरीचं पीठ उकडून ठेवलं होतं, सुरमईला हळद-मीठ लावून झालं होतं आणि गाढववाला पाण्याचे डबे दारात ठेवून गेला होता. मग धुणं काढलं. मी ज्यांच्यासाठी रांधते त्या खोलीतल्या नऊ माणसांचे सदरे, लुंग्या, शौकतची तेलकट पँट. त्यात एक हिरवं जाड कापड होतं, बनातीसारखं, त्यावर पांढऱ्या रंगात चौकोन छापलेले. त्याला साबण लावायचा धीर झाला नाही, नुसतं पाण्यातून काढलं आणि दोरीवर टाकलं. हे तुला का सांगते आहे ते मला नीट माहीत नाही. दोन वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि लेखणीतून आधी हेच आलं.

तुझे भाऊ गेले, त्यांना इथेच दफन केलं, मी इद्दतचे चार महिने दहा दिवसही इथेच काढले. तेव्हापासून तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस. तुझा राग मला कळतो. नणंदेचा राग भावजयीने पदरात घ्यायचा असतो. पण आता न लिहून भागणार नाही.

तुझ्या घरच्या माणसाचं, म्हणजे खैरुद्दीनभाईंचं पत्र तुला गेल्या महिन्यात मिळालं असेल. अक्षर माझंच होतं. त्यांना वाचता-लिहिता येत नाही, खोलीतल्या बऱ्याच जणांना येत नाही. पुड्यांचे कागद वाचत वाचत मी शिकले ती अशी सगळ्यांच्या कामी येते. तुझी पत्रं त्यांना मीच वाचून दाखवते. म्हणजे बिलकीसचा निकाह २१ फेब्रुवारीला ठरलाय हे घरात सगळ्यात आधी मी वाचलं. पोरीने खाली स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळही मीच वाचली, की बाबा आले नाहीत तर मी बसणार नाही. ती ओळ वाचून दाखवली तेव्हा भाई उठून बाहेर गेले.

पत्रात लिहिलं आहे तेच खरं धर. कंत्राटदार आमच्या खोलीतून एका वेळी एकालाच लीव्ह देतो, दोन महिन्यांची. कोणी कधी जायचं ते खोलीतली माणसं आपसात ठरवतात. खैरुद्दीनभाईंची पाळी पहिली होती, आमच्या शौकतची नववी. भाईंनी आपली पाळी शौकतला दिली. मला बाईमाणसाला एकटीने बोटीत बसता येत नाही, मुलगा जाईल तेव्हाच मीही जाणार. माझी तब्येत बरी नसते, गावची हवा मानवेल, असा त्यांनी विचार केला. मोठ्या मनाचा माणूस आहे.

आम्ही ९ फेब्रुवारीच्या बोटीने निघू. डेकचं तिकीट आहे. बिलकीससाठी काय आणू ते कळव.

रोजे सुरू झालेत. दुआ कर.

तुझी भाभी
मैमुनाबी

देरा
३० जानेवारी १९६५

जहांआरा,

तुझं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं. तू लिहितेस, "अक्षर तुमचं आहे हे मला कळलं, भाभी, पण बोलणं कोणाचं आहे? माझा नवरा असं मोठ्या मनाने बोलत नाही. हमीदभाईंना परक्या वाळूत ठेवलंत, आता माझ्या नवऱ्याची पाळीही खाल्लीत?"

तू म्हणतेस ते काही खोटं नाही. मला तब्येतीचं काहीही झालेलं नाही.

काझींनी सांगितलेलं तू लिहिलं आहेस. आपल्या शाफईंच्यात वलीशिवाय निकाह होत नाही. बाप जिवंत आहे, तर त्याचा हक्क पहिला. त्याने यावं, नाहीतर आपल्या वतीने दुसऱ्या कोणाला नेमावं. तो दुसरा म्हणजे भाईंचे धाकटे बंधू तय्यब. आणि तय्यबशी तुमचं बोलणं बंद, त्याने पोफळीच्या बागेची वाट अडवल्यापासून. त्याला वली करायचं म्हणजे आधी त्याच्या पाया पडायचं. हे मी वाचून दाखवलं तेव्हा भाई एवढंच म्हणाले, "पुढचं वाचा."

आता खरं सांगते. पाळी त्यांनी दिली नाही. ती त्यांच्याकडून गेली.

आमच्या खोलीत याकूब म्हणून एक आहे, दाभोळचा. कंत्राटदाराच्या मेसमध्ये वाढपी आहे. त्याआधी चार वर्षं बैरूतच्या एका कॅसिनोत होता. तिथून येताना ते हिरवं कापड आणि हाडाचे दोन फासे घेऊन आला. तिथे म्हणे ह्या कापडाभोवती गोरे लोक उभे राहतात, एकजण फासे टाकतो आणि बाकीचे बाजूला उभे राहून आपापल्या पैजा लावतात. मूळ डाव टाकणाऱ्याचा. बाजूच्या पैजा निराळ्या, त्यांचे चौकोन कापडाच्या मध्यात. कोणी म्हणायचं आता दोन एकं पडतील, कोणी म्हणायचं सात. आपल्या लोकांना मूळ डावापेक्षा ह्याच आवडल्या. मोहिद्दीनचाचा खोलीत वयाने मोठे, नमाज पढवतात, त्यांनी आधी कापड गुंडाळायला लावलं. याकूब म्हणाला, "चाचा, कापडावर पैसा ठेवायचा नाही. पैसा नाही तर जुगार नाही. आणि फासा तर मी टाकतो, बाकीचे नुसते बोलतात. बोलण्याला कसलं हराम?" हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मग पैशाऐवजी कामं लावू लागले. हरेल त्याने भांडी घासायची, बाजारात जायचं, पंख्याखालची जागा सोडायची. मला बरंच वाटायचं, माझ्या चुलीवरची काळी भांडी घासायला रोज कोणीतरी हरलेला यायचा.

त्यातली एक पैज म्हणजे चाराची जोडी. दोन्ही फाशांवर चार-चार पडले पाहिजेत. मध्ये सात आले तर हरलात. आठ आले पण दुसऱ्या तऱ्हेने, म्हणजे सहा-दोन किंवा पाच-तीन, तरी हरलात. बाकी काही पडलं तर फासे पुन्हा टाकायचे. जिंकलात तर एकास नऊ. चौकोनात नऊचा आकडा छापलेला आहे. याकूब म्हणतो ही कॅसिनोतली सगळ्यात गोड पैज, म्हणून कापडाच्या मधोमध.

खैरुद्दीनभाईंना बिलकीससाठी सोनं हवं होतं. माझ्याकडे बांगड्या होत्या, तुझ्या भावाने केलेल्या, त्यांच्या मागे उतरवून ट्रंकेत ठेवलेल्या. त्यातल्या नऊ मी लावल्या. भाईंनी पाळी लावली. ते हरले. आठ पडले, सहा आणि दोन.

नशिबाचा खेळ झाला, जहांआरा. चार-चार पडते तर आज बांगड्या तुझ्या लेकीच्या हातात असत्या आणि मी हात चोळत बसले असते. मीही काही लावलं होतं, हे विसरू नकोस.

तिकिटं काढून झाली आहेत. मी बिलकीससाठी अत्तर घेतलं आहे.

मैमुनाबी

देरा
१० फेब्रुवारी १९६५

जहांआरा,

हे पत्र मिळेल तेव्हा खैरुद्दीनभाई घरी पोचून चार-पाच दिवस झाले असतील. निकाहाला वली म्हणून ते बसतील. मी हे पत्र त्यांच्या हाती दिलं असतं तर तुला आधी मिळालं असतं, पण त्यांनी ते उघडून कोणाकडून वाचून घेतलं असतं आणि मग बोटीतून उडी टाकावीशी वाटली असती. म्हणून टपालाने पाठवते. ते तुला कदाचित सांगतील की कंत्राटदाराने शौकतला सोडलं नाही किंवा शौकतने स्वतःहून पाळी परत दिली. त्यांना सांगू दे. तू ऐकून घे. पण तुला मात्र खरं माहीत असावं.

मागच्या पत्रात मी नशीब असं लिहिलं. ते खोटं आहे.

ते कापड मी धुवायला घेतलं त्या सकाळी त्याच्या घडीतून दोन्ही फासे खाली पडले. एक कोरडा राहिला, एक सुरमईच्या हळदीत जाऊन पडला. मी उचलेपर्यंत हाडात हळद मुरली. कितीही घासला तरी पिवळाच. याकूब कुरकुरला आणि मग त्याच फाशांनी खेळू लागला. मी माझ्या कोपऱ्याला लावलेल्या पडद्याआडून बघायची. तोवर मला दोन्ही फासे सारखेच दिसायचे, आता एक पिवळा, एक पांढरा. आणि मला दिसलं की पिवळ्यावर दोन पांढऱ्यावर सहा ही एक गोष्ट आहे, आणि पिवळ्यावर सहा पांढऱ्यावर दोन ही दुसरी. माणसांना ह्याचं काही नव्हतं. ती म्हणायची, दोन-सहा काय आणि सहा-दोन काय, आठ ते आठ.

दुपारी सगळे कामावर गेले की मी चुलीपुढे खजुराच्या बिया मांडू लागले. पिवळ्याचं एक, त्याच्यापुढे पांढऱ्याची सहा. पिवळ्याचे दोन, पुन्हा सहा. सगळी मांडली तेव्हा कळलं. सात पडतात ते सहा तऱ्हांनी. आठ, चाराची जोडी सोडून, चार तऱ्हांनी. चार-चार मात्र एकाच तऱ्हेने, कारण चारला उलटं करून चारच. म्हणजे दहा जण विरुद्ध आणि एक बाजूने, आणि कापड देतं नऊ. कापड नेहमी थोडं स्वतःकडे ठेवतं. सगळ्यात गोड पैज म्हणूनच मधोमध.

मला त्या दुपारी फार आनंद झाला होता, जहांआरा. लाज वाटते सांगायला. तुझे भाऊ गेल्यापासून एवढा आनंद कशाने झाला नव्हता. ते असते तर त्यांना हाक मारून दाखवलं असतं. ते नव्हते, म्हणून बिया गोळा केल्या आणि गप्प बसले. तिथेच माझं चुकायला सुरुवात झाली. आनंद कोणाला सांगितला असता तर तो हत्यार झाला नसता.

मला गावी यायचं होतं. दुसरं काहीही कारण नाही. शौकतची पाळी यायला दीड वर्ष होतं. ह्या झावळ्यांच्या भिंतींना, वाळूला, माझ्या खाटेशेजारच्या रिकाम्या जागेला मी कंटाळले होते, आणि हे बोलून दाखवायची लाज वाटत होती, कारण सगळीच माणसं कंटाळलेली आहेत आणि कोणी बोलत नाही. भाई बिलकीसच्या सोन्याची काळजी करत बसले होते. मीच पडद्यामागून म्हणाले की माझ्या नऊ बांगड्या आहेत, चाराची जोडी घेता का, पाळीवर. खोलीत हशा झाला. याकूब म्हणाला, "यल्ला, भाभीपण उतरल्या मैदानात."

भाई हसले नाहीत. ते पडद्यापाशी आले आणि हळू आवाजात बोटं मोजू लागले. विरुद्ध कोण कोण? दोन-सहा, तीन-पाच. सातांत एक-सहा, दोन-पाच, तीन-चार. पाच झाले. पाच विरुद्ध आणि मिळणार नऊ. मग त्यांनी विचारलं, "भाभी, तुम्ही वाचणाऱ्या. माझा हिशोब बरोबर आहे ना?"

मी म्हणाले, "बरोबर."

एवढंच. पैज लावली ते पाप असेल, चाचा तर म्हणतात की आहेच. पण रोजा धरून मी ज्याची तौबा करते ते पाप हा एक शब्द आहे. भाईंनी मला पैजेतली दुसरी बाजू म्हणून विचारलं नव्हतं. त्यांची पत्रं वाचून दाखवणारी म्हणून विचारलं होतं. मी त्यांना तुझ्या पत्रातली ओळ चुकीची वाचून दाखवली असती तर जेवढं वाईट झालं असतं, तेवढंच हे.

तुझं पत्र आल्यावर मी आधी त्यांना एकट्यांना सांगितलं. तिकीट तुमच्या नावावर करते म्हटलं. ऐकून ते म्हणाले, "कोणाला सांगू नका. बोललो, हरलो, खलास. परत घेतली तर आख्ख्या बाणकोटात म्हणतील खैरुद्दीनने शब्द फिरवला, तोही एका विधवेकडून." मी म्हटलं, बिलकीसचं काय? त्यावर ते म्हणाले की तय्यबला लिहा. मलाच तय्यबला पत्र लिहायला बसवलं त्यांनी. 'प्रिय बंधू' एवढं लिहिलं आणि माझ्याच्याने पुढे होईना. माणूस मुलीच्या निकाहाला मुकायला तयार होता, पण हरलेली पैज मोडायला नाही. मग दुसरा रस्ता उरला नाही. ती पैजच नव्हती हे सगळ्यांपुढे सांगावं लागणार होतं.

ईदेनंतरच्या जुम्याला सगळे जेवायला बसले. मी बिर्याणी वाढली आणि पडदा बाजूला करून बाहेर आले. याकूबकडून फासे मागितले. दस्तरखानाच्या कोपऱ्यावर पिवळा दोनवर ठेवला, पांढरा सहावर. मग पिवळा सहावर, पांढरा दोनवर. म्हटलं, हे एक नाही, दोन आहेत, मला महिनाभर आधीपासून माहीत होतं. खैरुद्दीनभाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. त्यांची पाळी मी जिंकलेली नाही, चोरलेली आहे.

सगळ्यात आधी याकूब बोलला. त्याला हसू आवरत नव्हतं. "भाभी, बैरूतला असता तर मालकाने तुम्हाला डावावर नजर ठेवायला उंच खुर्चीवर बसवलं असतं." आणि ऐकून माझ्या मनात कुठेतरी एक क्षण बरं वाटलं. हेही तुला सांगून टाकते, म्हणजे काही उरायला नको.

मोहिद्दीनचाचांनी हात पुसले. ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "मैमुनाबी, दहा वर्षं तुमच्या हातचं खातो, कधी विचारलं नाही आत काय घातलंय. आता विचारावं लागेल." मग त्यांनी निवाडा दिला. पाळी खैरुद्दीनची. बांगड्या माझ्या मला. कापड जाळायचं. त्यांनी याकूबकडे बघून म्हटलं की पैसा नव्हता म्हणून जुगार नव्हता असं आपण समजलो, आणि पैशापेक्षा मोठ्या गोष्टी लावल्या, ही चूक माझीही आहे.

भाई मान खाली घालून भात चिवडत राहिले. जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी बांगड्यांतल्या दोन बिलकीससाठी त्यांच्या बिछान्यावर ठेवल्या होत्या, त्या बोटीच्या दिवशी माझ्या चुलीपाशी परत ठेवलेल्या सापडल्या. तू रागावू नकोस त्यांच्यावर. मीही नाही रागावले.

शौकत सगळे उठल्यावर आत आला. मला वाटलं ओरडेल. त्याने सामान बांधून ठेवलं होतं, गावातल्या मित्रांसाठी सिगारेटी घेतल्या होत्या. तो माझ्या खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आई, घरी जायचं होतं तर मला सांगायचंस ना. मी भाईंपुढे हात जोडले असते." त्याने हात जोडले असते तर भाईंनी निकाहानंतरची दुसरी पाळी आपल्याला मागून दिली असती. मला आता असं वाटतं. माझ्या हिशोबात ही एक तऱ्हा मांडलीच नव्हती, नुसतं मागायची.

तू मला उत्तर लिहावंस असं मी म्हणणार नाही. निकाह झाला की बिलकीसला माझ्यातर्फे काही सांगू नकोस. तिच्या ओळीखाली माझं नाव नको.

जुम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाई आणि शौकत तिकिटावरचं नाव बदलायला एजंटकडे गेले. मी नेहमीसारखा नऊ जणांचा भात टाकला. जेवायला पाच आले; एजंटकडे गेलेले दोघे सोडले तरी आणखी दोघे कमी. उरलेल्या भातात पाणी घालून मी तो झाकून ठेवला.

मैमुनाबी